स्टँडवर नसलेलं नाव

६ मे, सोमवार

डोळ्यांच्या डॉक्टरने सहा आठवडे कोरणी हातात धरायला मनाई केली आहे. भिंग लावायचं नाही, खाली वाकायचं नाही, शिंकसुद्धा जपून द्यायची. "मग करू काय?" असं विचारलं तर म्हणाला, "आराम करा." आयुष्यभर दुसऱ्यांची नावं पितळेवर आणि चांदीवर कोरत आलेल्या माणसाला आराम म्हणजे शिक्षाच. मोठ्या अक्षरात लिहायला हरकत नाही म्हणाला, म्हणून ही वही.

आज दुकानात गेलो तर दारातच एक उंच लोखंडी स्टँड. हात लावला की गरागरा फिरतो. मी डोळ्यावर पट्टी बांधून हॉस्पिटलात पडलो असताना बायकोने माझ्या पाठीमागे घेतला. त्यावर प्लास्टिकच्या कीचेन लटकवलेल्या, प्रत्येकीवर एक नाव, नावाशेजारी एक फूल नाहीतर फुगा. तयार कपडे ऐकले होते, तयार चपला ऐकल्या होत्या, आता नावंही तयार मिळतात.

"खपतात," बायको म्हणाली.

"विषही खपतं."

"ते ठेवायला परवाना लागतो," ती म्हणाली आणि गल्ल्यावर जाऊन बसली.

स्टँड देणारा एजंट संध्याकाळी आला. मी त्याचं नाव गोडबोल्या ठेवलंय. त्याने समजावून सांगितलं की कंपनी म्हणे दरवर्षी जन्मलेल्या मुलांची नावं मोजते आणि त्या क्रमाने कीचेन लावते. एका बाजूला मुली, दुसऱ्या बाजूला मुलगे. सगळ्यात वर एक नंबर, त्याखाली दोन, तीन. त्याच्या तोंडून ती नावं ऐकताना माझ्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं. मी ठरवलंय, यातलं एकही नाव या वहीत लिहायचं नाही. नंबरानेच लिहीन. कैद्यांना नंबर असतो, यांनाही असू दे.

९ मे, गुरुवार

दिवसभर स्टँडशेजारी स्टुलावर बसून होतो. मुलींच्या एक नंबरच्या पाच कीचेन गेल्या. पाच आया आल्या आणि प्रत्येकीने मान वाकडी करून मला सांगितलं, "आम्हाला जरा वेगळं नाव हवं होतं ना." मी हसलो. त्यांना वाटलं, कौतुकाने हसलो.

या धंद्यात मी नावांची ये-जा पाहिली आहे. आधी बाळाच्या चांदीच्या वाटीवर येतं, दहाबारा वर्षांनी तेच नाव शाळेच्या पदकावर, मग लग्नाच्या भेटीच्या ताटावर, मग दारावरच्या पाटीवर, आणि शेवटी बागेतल्या बाकावर "यांच्या स्मरणार्थ". त्यामुळे मला नाव सांगा, मी वय सांगतो. माझ्या लहानपणी चारपाच अक्षरी, म्हणताना छाती भरून यायची अशी नावं होती. मग लोकांना दम लागायला लागला, तीन अक्षरं झाली. मग दोन. आता शेंडा ना बुडखा, नुसता एक गुळगुळीत आवाज. शिंक देताना तोंडातून निघावा तसला. दोन पिढ्यांनंतर पणजीचं नाव परत येतं, तेव्हा म्हणतात, आम्ही शोधून काढलं. पणजी बिचारी भिंतीवरच्या फोटोत बसून बघते.

एखाद्या मालिकेतली नायिका रडायला लागली की तिच्या नावाची लाट येते. खलनायिकेचं नाव मात्र वीस वर्षं कुणी ठेवत नाही. माणसं नाव ठेवत नाहीत, शेजाऱ्याचं बघून खिडकीला पडदा लावतात.

मी हे सगळं बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, "तुम्ही आयुष्यभर नुसती नावं ठेवत आलात." आणि स्वतःच्याच विनोदावर संध्याकाळपर्यंत हसत राहिली.

१४ मे, मंगळवार

लेक राहायला आली. तिचे दिवस भरत आलेत आणि तिच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली आहे. सहा जिने चढणं तिला जमत नाही. जावई कामावरून रोज येऊन भेटून जातो. मला बरं वाटलं. मी तसं बोलून दाखवलं नाही.

लेकीचं नाव या स्टँडवर नाही. कुठल्याच स्टँडवर कधी नव्हतं, आणि याचा मला जितका अभिमान आहे तितका दुसऱ्या कशाचाही नाही. ती जन्मली त्या आठवड्यात माझ्याकडे एक जुनी पितळी पाटी उजळायला आली होती. अक्षरं इतकी झिजलेली की बोटांनी चाचपून वाचावी लागली. कुणा बाईचं नाव, पाच अक्षरी, मध्ये दणदणीत जोडाक्षर. मी सगळीकडे विचारलं. दोनशे वर्षांत ते कुणी ठेवल्याचं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. बायको म्हणाली, "पोरीला पेलवेल का?" मी म्हटलं, नाव पेलायचं नसतं, मिरवायचं असतं.

बायको तिला चिऊ म्हणते. तीस वर्षं सांगतोय, एवढं नाव असताना चिऊ कशाला. पालथ्या घड्यावर पाणी.

ती लहान असताना बस स्टँडवरच्या दुकानात असाच एक फिरता स्टँड होता. गाडीची वाट बघताना लेक तो फिरवत बसायची. वरून खाली, खालून वर, परत वरून. मी सांगायचो, तुझं नाव असल्या भंगारात मिळायचं नाही, तू नशीबवान आहेस. एकदा एक कीचेन हातात धरून म्हणाली, "बाबा, मला ही घ्या." त्यावर तिच्या वर्गातल्या चार मुलींचं नाव होतं. चौघी एकाच नावाच्या. बाई त्यांना उंच, बुटकी, चष्मेवाली आणि नुसतीच असं म्हणायच्या. मी विचारलं, हे कुठे तुझं नाव आहे? तर म्हणाली, "मला पाचवी व्हायचंय." हा किस्सा मी कितीतरी लोकांना सांगितला आहे. लोक हसतात.

१८ मे, शनिवार

दुपारी एक लहान मुलगी आईबरोबर आली. स्टँड दोनदा फिरवला. तिचं नाव नव्हतं. मी तिला म्हटलं, "अभिनंदन." तिने भोकाड पसरलं. आई माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी पोरीला चिमटा काढला.

लेक आत बसली होती, ती पोट सांभाळत बाहेर आली. मुलीला नाव विचारलं, एकदाच, आणि बरोबर म्हणून दाखवलं. मग गल्ल्यावरचा जाड पुठ्ठा कापला, त्यावर स्केचपेनने नाव लिहिलं, फूल काढलं, भोक पाडून दोरा ओवला आणि स्टँडवर एक नंबरच्या शेजारी अडकवला. "आता शोध," म्हणाली. मुलीने डोळे मिटले, स्टँड फिरवला, आणि सापडल्यावर इतकी ओरडली की समोरचा न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला.

मी लेकीला म्हटलं, दुकानाची बालवाडी करू नकोस. पुठ्ठ्याचं काम, अक्षरं वाकडी, फूल कोबीसारखं. ती म्हणाली, "तिला चाललं, बाबा." पोरगी तो पुठ्ठा छातीशी धरून गेली. हल्ली कशालाही चालवून घेतात.

२३ मे, गुरुवार

सकाळी कुरियरवाला आला. पार्सलवर आमचा पत्ता आणि नाव भलत्याच बाईचं. गंमत म्हणजे तेच, वर्गातल्या चौघींचं नाव. मी सांगितलं, अशी कुणी इथे राहत नाही. तो म्हणाला, फोन नंबर याच घरातला आहे. मी म्हटलं, मी या घरात पस्तीस वर्षं राहतो, मला माझ्या घरातली माणसं शिकवू नकोस. पाठवून दिला.

लेकीला हे सांगितलं तर ती चपला घालून, सातव्या-आठव्या महिन्यात नव्हे, नवव्या महिन्यात, त्याच्या मागे गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि पार्सल घेऊन आली. आत बाळाची दुपटी होती. कुणा मैत्रिणीचं असेल, पत्ता आमचा दिला असेल. माझी लेक सगळ्यांची कामं अंगावर घेते. आईवर गेली आहे.

"कुणाचं आहे?" मी विचारलं.

"माझंच आहे," ती म्हणाली. आणि बायकोने मध्येच पोळपाट आपटून विषय बदलला.

२४ मे, शुक्रवार

आज फार वाईट दिवस गेला. नीट लिहितो.

ऑपरेशनच्या आधीच मी एक काम करून ठेवलं होतं. बाळासाठी चांदीचा पेला घडवून आणला होता आणि त्यावर नाव कोरून टाकलं होतं. दोन्ही बाजूंना. एका बाजूला मुलीचं, दुसऱ्या बाजूला मुलाचं. जे होईल ती बाजू पुढे. त्याच जुन्या पाट्यांच्या पिढीतली नावं, महिनाभर शोधून काढलेली. डोळा अधू होत चालला होता तरी एक रेष इकडची तिकडे झाली नाही. पेला मखमली डबीत ठेवला होता, बाळ आल्यावर द्यायचा म्हणून. पण लेक इथे आहे, पेला कपाटात आहे, मला कुठला धीर धरवतोय. दुपारी डबी तिच्या हातात दिली.

तिने मुलीचं नाव वाचलं. वाचताना अडखळली. मग पेला फिरवून मुलाचं वाचलं. मी वाट बघत होतो.

"बाबा, मुलगी झाली तर आम्ही नाव ठरवलंय," ती म्हणाली. आणि सांगितलं.

एक नंबर.

सगळ्यात वरच्या रांगेतला, पहिल्या खिळ्यावरचा, फुगा काढलेला एक नंबर. मला वाटलं थट्टा करते. मी म्हटलं, अगं वर्गात सात असतील त्या नावाच्या. ती म्हणाली, "असू देत ना. बाईंनी हाक मारली तर सातजणी वळून बघतील. तीही बघेल."

"बाजारबुणगं नाव आहे ते."

"बाबा, मला माझं नाव आयुष्यात कुणी एकदाच ऐकून बरोबर म्हटलेलं नाही. शाळेत हजेरी घेताना बाई माझ्यापाशी थांबायच्या, सगळा वर्ग हसायचा, मग मी आपली आपणच हजर म्हणायचे. बक्षीस समारंभात माझं नाव टाळून नुसतं आडनाव घेतलं. मी मंचावर गेले तर म्हणाले, तू नाही, तुझ्या भावाला बोलाव. मला भाऊ कुठे आहे?"

"लोकांच्या जिभा बोथट, त्याला नाव काय करणार?"

"लोक तेच असतात, बाबा. ते बदलता येत नाहीत."

मी बोलू नये ते बोललो. म्हटलं, एवढं दिलं ते तुला कळलंच नाही, गाढवाला गुळाची चव काय. नऊ महिन्यांच्या गरोदर पोरीला. तिने पेला डबीत ठेवला, डबीचं झाकण लावलं, जावयाला फोन केला आणि संध्याकाळी निघून गेली. लिफ्ट अजून बंदच आहे. सहा जिने ती बसत बसत चढली, असं बायको फोनवर बोलून आल्यावर म्हणाली.

३१ मे, शुक्रवार

घरात बायको फक्त "जेवायला वाढलंय" एवढंच बोलते, तेही भिंतीकडे बघून. लेकीचा फोन तिला येतो, मला नाही. मला दिला तरी मी घेईन असं नाही.

दुकानात स्टँडचा धंदा जोरात आहे. कानामागून आला आणि तिखट झाला. आज एक बाई तिसऱ्या पोरासाठी आली. पहिली दोन पोरं चार नंबर आणि अकरा नंबर. तिसऱ्यासाठी तिला "यांच्याशी जुळणारं" हवं होतं. मी म्हटलं, मोजे घेताय का?

लेकीच्या पहिल्या नोकरीच्या वेळी मी तिला पितळी बिल्ला करून दिला होता. रक्त तपासणीच्या लॅबमध्ये लागली तेव्हा. पूर्ण नाव, अक्षराला अक्षर जुळवून, कडेला नाजूक वेल. तिने घातला नाही. म्हणाली, पिन टोचते. प्लास्टिकचा लावते. त्यावर काय लिहिलंय ते मी कधी बघितलं नाही, लॅबमध्ये मी कशाला जातोय. आज कपाट आवरताना तो बिल्ला सापडला. पिन अगदी बोथट आहे.

८ जून, शनिवार

मुलगी झाली. दोघी सुखरूप. पहाटे बायकोला फोन आला, तिने मला हलवून उठवलं आणि हे दोन शब्द सांगून परत भिंतीकडे तोंड केलं. मग तीच रडायला लागली. मीही.

९ जून, रविवार

दवाखान्यात गेलो. जाणार नव्हतो, बायको म्हणाली, "नका येऊ, मी सांगेन तिला की बाबांचा डोळा दुखतोय." मग गेलो.

बाळ लाल आहे आणि मुठी आवळून झोपतं. माझ्यासारखं कपाळ. लेक माझ्याकडे बघून म्हणाली, "आलात." एवढंच. मी म्हटलं, डोळा दुखत नाहीये.

मग परिचारिका दारात आली आणि कुठलंतरी नाव घेऊन म्हणाली, गोळ्या घेतल्या का. ते चौघींचं नाव. मी म्हटलं, बाई, तुमची खोली चुकली. लेक म्हणाली, "घेतल्या, सिस्टर." मला वाटलं, औषधाच्या गुंगीत आहे, कशालाही हो म्हणते.

थोड्या वेळाने तिच्या लॅबमधल्या दोघी आल्या. त्यांनीही त्याच नावाने हाक मारत तिला मिठी मारली. मग जावई आला, पिशवी खाली ठेवली, आणि म्हणाला ते नाव. स्वतःच्या बायकोला. सहज, रोज म्हणत असल्यासारखं. आणि मला बघितल्यावर त्याचा चेहरा असा झाला की जणू दिवाणखान्यात चिखलाचे पाय घेऊन आला.

लेक बाळाचं दुपटं सारखं करत बसली. तेच, कुरियरमधलं.

परत येताना मी बायकोला विचारलं, कधीपासून.

"कॉलेजपासून."

"तुला माहीत होतं?"

"तुम्हाला सोडून सगळ्यांना माहीत होतं. तुमच्यासमोर कुणी म्हणायचं नाही, एवढं तिने सगळ्यांना सांगून ठेवलंय. तुमचं मन राखायला."

"आणि तू?"

"मी चिऊ म्हणते. मला त्या भानगडीत पडायचंच नव्हतं."

म्हणजे ती पाचवी झाली. आणि तीस वर्षं त्या खणखणीत नावाने तिला हाक मारणारा जगात मी एकटा. राग यायला हवा होता. मला फक्त वाईट वाटलं, फार वाईट, आणि घरी येईपर्यंत मी दुकानांच्या पाट्या वाचत चाललो, त्यातली एकही सरळ नव्हती.

१७ जून, सोमवार

डॉक्टर म्हणाला, डोळा उत्तम, काम करा.

पेला डबीतून काढला. दोन्ही बाजूंची नावं पॉलिशच्या चाकावर घासून काढली. चांदी गेली थोडी, पेला हलका झाला. इतकं चोख काम मी आजवर कधी पुसलं नव्हतं. मग कोरणी हातात घेऊन एक नंबर कोरला. त्यात कोरण्यासारखं काही नाहीच. दोन उभ्या रेघा, एक वाटोळं, झालं. पोरांच्या वाट्यांवर इतक्यांदा कोरलंय की हात आपोआप चालतो. शेवटचं अक्षर कोरताना बाळाचा तो लाल चेहरा डोळ्यासमोर आला आणि नाव तेवढं वाईट नाही असं क्षणभर वाटलं. औषधाचा परिणाम असेल.

बायको मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "फुगा राहिला काढायचा." आज महिन्याभराने माझ्याकडे बघून बोलली.

२२ जून, शनिवार

गोडबोल्याला फोन करून कोरी कीचेन मागवली. एकच. त्याने विचारलं, कशाला. मी म्हटलं, तुझ्या मालाची प्रत बघायची आहे.

प्रत भिकार आहे. प्लास्टिक इतकं मऊ की कोरणी घसरते. पाच अक्षरं आणि जोडाक्षर त्या एवढ्याशा पट्टीवर मावेनात. दोनदा बिघडलं, दोनदा नवीन मागवली. गोडबोल्या म्हणाला, साहेब, प्रत फार बारकाईने बघताय. शेवटी अक्षरं बारीक केली, रंग भरला. त्यांच्या सगळ्या कीचेनवर आहे तसंच फूल काढलं, तसंच पाच पाकळ्यांचं, मूर्ख दिसणारं. वेल नाही, नक्षी नाही. इतरांहून वेगळं काहीही दिसता कामा नये, यासाठी मी आयुष्यात पहिल्यांदा झटलो.

वरच्या रांगेत एक खिळा रिकामा होता. तिथे अडकवली.

बायकोला वाटलं मी बघत नाही. तिने हात धुतले, कोरडे केले, आणि कीचेन नीट सरळ केली.

२९ जून, शनिवार

लेक बाळाला घेऊन आली. लिफ्ट सुरू झाली म्हणून, असं म्हणाली. लिफ्टचा आणि दुकानात येण्याचा संबंध मी विचारला नाही.

पेला दिला. तिने नाव वाचलं, दुसऱ्या बाजूला फिरवलं. तिथे कोरी चांदी. "छान कोरलंय, बाबा," म्हणाली. मी म्हटलं, त्या नावात कोरण्यासारखं काही नाहीच. "हो, तेच," म्हणाली, आणि हसली. माझ्याकडे बघून हसल्याला महिना झाला होता.

मग मी पाट्या पुसत बसलो. पुसलेल्याच परत पुसत होतो. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं आणि ती उभ्या उभ्या, काही न बघता, एका हाताने स्टँड फिरवत होती. लहानपणची खोड. वरून खाली, खालून वर. मग हात थांबला.

तिने स्टँड पूर्ण एक फेरी फिरवला आणि परत त्याच जागी आणला. मग आणखी एकदा. मी वर बघितलं नाही, समोरच्या पाटीच्या पितळेत दिसत होतं.

"आई, हे बघितलंस?"

"मला काही माहीत नाही," बायको म्हणाली. इतकं खोटं ती कुरियरच्या दिवशीही वागली नव्हती.

"घे काढून," मी म्हटलं. "नुसती प्रत बघायला केली होती."

तिने कीचेन काढली, अंगठा फिरवला अक्षरांवरून. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही, हात मोकळा नव्हता. मग झोपलेल्या बाळाच्या कानाशी धरून तिने ते नाव म्हटलं. तिचं नाव. पाचही अक्षरं, जोडाक्षर न खाता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिच्या तोंडून ते मी कधी ऐकलंच नव्हतं. चांगलं म्हणते ती. माझ्यापेक्षा चांगलं.

मला वाटलं पर्समध्ये टाकेल. तिने परत खिळ्यावर अडकवली. "इथेच राहू दे, बाबा," म्हणाली. "सगळ्यांच्यात."

जाताना मी तिला हाक मारणार होतो. कोणत्या नावाने मारावी ते ठरेना, तोवर ती कोपऱ्यापर्यंत गेली. मग मी ओरडलो, "चिऊ, पेला विसरलीस." ती वळली. बायको गल्ल्यामागे खाली वाकून काहीतरी शोधायला लागली, बराच वेळ.

२ जुलै, मंगळवार

गोडबोल्या माल भरायला आला. म्हणे नव्या मोजणीत एक नंबर घसरून दोनवर आलाय, दुसरंच काहीतरी वर चढलंय. लोकांचा काही भरवसा नाही. खिळे बदलता बदलता त्याचा हात त्या कीचेनपाशी अडला. उलटीपालटी करून बघितली, नाव वाचायचा प्रयत्न केला, जोडाक्षरापाशी बुडाला.

"साहेब, हे आमच्या मालातलं नाही."

"माहीत आहे. हात काढ."

"फुकट एक खिळा अडतो ना. वरच्या रांगेतला." तो स्वभावाला धरून गोड हसला. "असल्या नावाला मागणी किती असणार?"

"एक," मी म्हटलं. "पण तीस वर्षांपासून आहे."